थोरलीची धार

छोटूने वाचायला घेतलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि पहिल्या पानापासूनच आप्पाला उठून जावंसं वाटत होतं.

छोटू म्हणजे आप्पाचा धाकटा भाऊ. वय एक्कावन्न, डोक्यावर टक्कल, विक्रीचा सगळा कारभार एकट्याच्या ताब्यात. बाहेर लोक त्याला साहेब म्हणत, घरात मात्र छोटूचा मोठा काही झाला नाही. पुढच्या वर्षी कारखान्याला शंभर वर्षं पूर्ण होणार, तर आपल्या रमचा इतिहास छापून निघाला पाहिजे, हे त्याने मनावर घेतलं होतं. आणि एकदा त्याने मनावर घेतलं की बाकीच्यांच्या मनाला कोणी विचारत नसे. म्हणून चाखणीच्या खोलीत, पत्रा मारलेल्या लांबलचक टेबलाभोवती सगळे बसले होते. टोकाला आई, तिच्या उजव्या हाताला अक्का, समोर आप्पा आणि त्याची बायको. अक्काचे यजमान, दाजी, तेवढे अजून खाली भट्टीवर होते.

“‘साखर कारखान्यातली मळी तेव्हा ओढ्यात सोडून देत,’” छोटू घसा खाकरून वाचत होता. “‘आमच्या आजोबांनी ती उचलून आणली, आंबवली आणि दोन खोल्यांच्या शेडमध्ये तांब्याच्या भट्टीवर पहिली धार काढली. ती इतकी तिखट निघाली की प्यायला कोणी घेईना. पहिली चार वर्षं ती अत्तरवाल्यांनी, रोगणवाल्यांनी आणि दिवे लावणाऱ्यांनी नेली.’”

“दिवे लावणाऱ्यांचं काढून टाक,” अक्का म्हणाली. “लोक म्हणतील, हे रॉकेल पाजतात.”

“राहू दे,” आई म्हणाली. “खरं आहे ते. सासरे स्वतः सांगायचे.”

आई चौऱ्याऐंशीची होती. ऐकायला कमी येतं असं ती म्हणायची, पण ज्याने त्याच्यावर विश्वास ठेवला तो फसला.

छोटू पुढे गेला. बंदरावरच्या जहाजाचा एक आचारी आला, त्याने चिमूटभर बंदुकीची दारू बशीत घेतली, तिच्यावर ही रम ओतली आणि काडी लावली. भक्कन पेट घेतला. आचाऱ्याने होती नव्हती ती सगळी रम उचलली. जहाजावर जागा कमी, तेव्हा कडक तेवढं न्यायचं आणि पाणी समुद्रात गेल्यावर घालायचं, असा त्यांचा हिशेब. शंभरात पंचाहत्तर भाग मद्यार्क. हीच ती थोरली. आणखी बारा वर्षांनी सौम्य रम आली, पिंपात तीन वर्षं मुरवलेली, ती धाकटी. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांत काहीही छापलेलं असो, घरात आणि भट्टीवर त्यांना याच नावांनी हाक मारत. धाकटीवर घर चाललं, थोरलीवर नाव. लढाईच्या वर्षांत पिण्याला बंदी आली तेव्हा थोरली इस्पितळांत गेली, जखमा धुवायला. बंदी उठल्यावर बारवाल्यांनी तिला पुन्हा उचलून धरलं.

हे सगळं आप्पाला पाठ होतं. त्याला पुढच्या पानाची धास्ती होती.

“‘भट्टीवर नवी यंत्रं आली, मीटर आले. पण थोरलीची धार आजही घरच्या नाकानेच तोडली जाते. या घराण्याचं नाक तीन पिढ्यांत एकदाही चुकलेलं नाही.’”

आप्पाची बायको टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली.

धार तोडणं म्हणजे काय, तर भट्टीतून सुरुवातीला येतं ते डोकं, ते फेकायचं. मग येतं ते धड, तेच ठेवायचं. शेवटी येते शेपूट, तिला ओल्या पोत्यासारखा कुबट वास असतो आणि ती थोडी जरी आत गेली तरी सगळ्याची माती करते. धड संपून शेपूट कधी सुरू झाली, हे धाकटीला मीटर सांगतो. थोरलीला मीटर लावायचा नाही, हा आजोबांचा दंडक. घरातल्या एकाने धारेखाली तळवा धरायचा, चार थेंब चोळायचे, वास घ्यायचा आणि वेळ झाली की हात वर करायचा. हात वर झाला की नळावरच्या माणसाने नळ फिरवायचा, त्याच्या आधी नाही. आधी आजोबा हात वर करत, मग वडील, आणि गेली सव्वीस वर्षं आप्पा.

आणि गेली दोन वर्षं आप्पाला कसलाही वास येत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आठ दिवस ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. बायकोच्या लक्षात आलं ते दुधावरून. शेगडीवर दूध करपून काळं झालं, घरभर धूर, आणि आप्पा शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसलेला. “अहो, तुम्हाला वास नाही आला?” तिने विचारलं, आणि आप्पाने तिलाच दटावलं. मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरला गुपचूप दाखवून झालं. गेलेला वास आता येण्यातला नाही, असं त्याने सांगितलं. त्या दिवसापासून बायको रोज म्हणत होती, “सांगून टाका,” आणि आप्पा रोज म्हणत होता, “बघू.” चोपन्न वर्षांचा माणूस, पण चोरी पकडली जाईल म्हणून शाळेतल्या पोरासारखा जीव मुठीत धरून जगत होता.

छोटूने कागद खाली ठेवला. “आता हे शेवटचं वाक्य ठेवायचं की काढायचं, ते आज ठरवावं लागेल.” त्याने पिशवीतून थोरलीची एक बाटली काढून मधोमध ठेवली. “मागच्या खेपेच्या दोनशे अकरा बाटल्या परत आल्यात. एका हॉटेलवाल्याने काय लिहिलंय ऐका: ‘तुमच्या थोरलीत काहीतरी मेलंय.’”

एवढ्यात दाजी वर आले.

दाजी त्रेसष्ट वर्षांचे, काटकुळे, बॉयलरच्या आवाजाने डावा कान गेलेला. लग्न करून अक्काला न्यायच्या ऐवजी तेच या घरात आले आणि चौतीस वर्षं थोरलीच्या नळावर उभे होते. दारातच थांबून ते हात पुसत राहिले.

“बसा ना, दाजी,” छोटू म्हणाला.

“कपडे खराब आहेत. आणि तासाभरात धार तोडायची वेळ होईल. या वर्षातली पहिली आहे.”

“त्याच्यासाठीच बोलावलंय. नळावर आज कोणी उभं राहायचं, ते ठरायचंय.”

अक्का ताठ बसली. “म्हणजे? तुला म्हणायचंय काय?”

“मला काही म्हणायचं नाही. शेपूट आत गेली असेल तर त्याला कारण एकच. हात वर झाला आणि नळ वेळेवर फिरला नाही. दाजींचं वय झालं, ऐकायला कमी येतं, यात कमीपणा कसला? एक इंजिनिअर मुलगी मी बघून ठेवलीय, हुशार आहे. दाजींनी गोदाम बघावं.”

“शेपूट गेली हे तुला कोणी सांगितलं? आधी मळीचं बोल. दर वर्षीचा कारखाना सोडून कुठून तरी स्वस्तातली उचलून आणलीस. तीच आंबट असेल.”

“मळी एक नंबर होती! त्याच मळीची धाकटी केली, तिची एक तरी बाटली परत आली का?”

“धाकटी तीन वर्षं पिंपात असते, शहाण्या. ती अजून बाहेर आलीय कुठे?”

छोटूचं टक्कल लाल झालं. कारखान्याचा इतिहास लिहायला बसलेला माणूस, आणि बहिणीने त्याला भर बैठकीत असा उघडा पाडला. इतर वेळी आप्पा पोट धरून हसला असता. आज त्याला हसू सुचलं नाही. मळी चुकली असेल, नळ चुकला असेल, हे सगळं बोलून झालं. हात चुकला असेल असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

छोटूने बाटली उघडून ग्लासात ओतलं. ग्लास फिरला. अक्काने हुंगलं आणि म्हणाली, “आंबट.” छोटूने हुंगलं आणि म्हणाला, “कुबट.” ज्याला जो सोयीचा, त्याला तो वास आला.

“पुरे,” आई म्हणाली. “आप्पा सांगेल. आंबट असेल तर चूक मळीची, छोटूने कान पकडायचे आणि इंजिनिअरचं नाव काढायचं नाही. कुबट असेल तर जावईबापू, तुम्ही आजपासून भट्टी सोडायची. मला बोलायला जड जातंय, पण थोरलीपुढे मी मुलगी बघणार नाही आणि मुलगाही बघणार नाही.”

“मान्य,” छोटू म्हणाला.

अक्काने आप्पाकडे पाहिलं. “मान्य. आप्पाचं नाक खोटं बोलणार नाही.”

आप्पाने ग्लास उचलला. नाकाजवळ नेला, फिरवला, पुन्हा नेला. काही नाही. रिकाम्या ग्लासात नाक घातलं असतं तरी एवढंच कळलं असतं. घशाला चरचर झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण आंबट की कुबट ते देव जाणे. आंबट म्हणावं तर दाजी वाचतील आणि छोटू मरेल. कुबट म्हणावं तर उलट. दोघांपैकी एकाचा गळा कापायचा, आणि तोही अंदाजाने. नजर वर केली तर दाजी दारातून टेबलापलीकडे येऊन जगमधलं पाणी ग्लासात ओतत होते. त्यांचा दुसरा हात पत्र्यावर टेकलेला होता, आणि तो हळूच मिटला.

भट्टीवर बोललेलं ऐकू येत नाही, तिथे खुणा चालतात. उघडा पंजा म्हणजे डोकं. मिटलेली मूठ म्हणजे शेपूट.

“शेपूट आहे,” आप्पा म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला समजलं की दाजींनी काय केलं.

“बघ!” छोटू म्हणाला, पण त्यालाही त्याचा आनंद झालेला दिसला नाही. अक्का टेबलाच्या कडेवर बोट घासत बसली.

“असेल,” दाजी म्हणाले. “हात हल्ली जड झालाय माझा. आप्पांनी खूण केली असणार, मलाच उशीर झाला.”

आप्पाला वाटलं, आता कोणीतरी काहीतरी बोलावं, छोटूने पुढचा विषय काढावा, आईने चहा मागवावा. गप्प बसलं तर सगळं सुटत होतं. नाक शाबूत, नाव शाबूत, पुस्तकातलं वाक्य शाबूत. आणि ती इंजिनिअर मुलगी आली की थोरलीलाही मीटर लागेल, मग हात वर करायची वेळ पुन्हा येणारच नाही. ही शेवटची सोय त्याच्या डोक्यात आली आणि त्याला स्वतःची किळस आली. शेजारी बायको एवढंच म्हणाली, “अहो.”

“मला वास येत नाही,” आप्पा म्हणाला.

“आत्ता तर ओळखलंस!” छोटू हसला.

“मी नाही ओळखलं. दाजींनी मूठ दाखवली. दोन वर्षं झाली, मला कशाचाच वास येत नाही. त्या तापानंतर.”

अक्का नवऱ्याकडे वळली. “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“ताप झाल्यावरच्या पहिल्याच धारेपासून. वास घेताना माणूस डोळे मिटतो. आप्पांनी उघडे ठेवले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.” दाजी ओशाळल्यासारखे झाले, जणू चूक त्यांचीच. “मग मी भुवई उडवायचो. ते हात वर करायचे. पाच वेळा बरोबर आली ना थोरली?”

आई उठली. काठी टेकत टेबलाला वळसा घालून आली आणि तिने आप्पाच्या केसांवरून हात फिरवला. “अरे, सांगायचं नाहीस का? दुखणं काय आपल्या हातात असतं?” छोटूनेही खांद्यावर थोपटलं. “पुस्तकात आजाराबद्दल अवाक्षर नाही लिहायचं, काळजी करू नकोस.” मघाशी तलवारी उपसलेले सगळे एकदम मऊ झाले. आणि त्या मायेनेच आप्पाला जास्त लाज वाटू लागली. एवढ्या स्वस्तात सुटायची त्याची लायकी नव्हती, कारण त्याने अर्धंच सांगितलं होतं.

अक्का मात्र मऊ झाली नव्हती. “पाच वेळा बरोबर आली. मग सहाव्यांदा का चुकली? तुम्ही समोरच होतात ना?”

“झालं असेल गडबडीत,” दाजी म्हणाले. “बॉयलर जरा जास्तच...”

“बॉयलरचं सांगू नका मला. किती उशीर झाला होता?”

दाजींनी तो ग्लास उचलला. तळव्यावर थोडं ओतलं, चोळलं, डोळे मिटले. चौतीस वर्षांत या खोलीत त्यांच्या हाती ग्लास देऊन त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, हे आत्ता सगळ्यांच्याच ध्यानात आलं असावं.

“तेरा मिनिटं,” दाजी म्हणाले.

“तेरा मिनिटं! आणि तेरा मिनिटं तुम्ही काय करत होतात?”

“उभा होतो.”

“नुसते? नळावर हात ठेवून? भुवई नाही उडवलीत?”

दाजींनी एकदा आप्पाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. आता ते तिसरं खोटं बोलायच्या तयारीत आहेत, आणि तेही आपल्याचसाठी, हे आप्पाला दिसलं.

“त्यांनी भुवई उडवली,” आप्पा म्हणाला. “मग मान हलवली. मग सरळ मूठ वर केली. भट्टीवरचे सहाही कामगार बघत होते. मला वाटलं, हे आता मला सगळ्यांसमोर शिकवायला लागले. उद्या गावभर होईल की नाक जावयाचं आहे. म्हणून मी मुद्दाम हात खाली ठेवला. आणि त्यांना म्हणालो...” त्याने बायकोकडे पाहिलं. थांबून चालणार नव्हतं. “म्हणालो, ‘जावई आहात, जावयासारखे राहा. मी सांगेन तेव्हाच नळ फिरवायचा.’ मोठ्याने म्हणालो, यांच्या चांगल्या कानाजवळ जाऊन. मग घड्याळ बघत बसलो.”

आईचा हात आप्पाच्या डोक्यावरून निघाला.

“सोडा हो,” दाजी पुटपुटले. “भट्टीवर होतं असं कधीकधी.”

अक्का रडली नाही, ओरडलीही नाही. ती आप्पाला म्हणाली, “त्या दिवशी जेवताना यांनी मला विचारलं होतं, ‘जावयासारखं राहायचं म्हणजे नक्की कसं गं राहायचं?’ मी म्हटलं, ‘चौतीस वर्षांनी हा काय प्रश्न?’ आणि हसले. हे पण हसले. मी हसले रे, आप्पा.”

छोटूने पुस्तकाचे कागद गोळा केले, सारखे केले, पुन्हा टेबलावर ठेवले. त्यालाही तोंड कुठे लपवावं ते कळत नव्हतं. “नळ फिरवायचा होतात तुम्ही, दाजी,” तो शेवटी म्हणाला. “कोण काय बोललं असतं?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी भट्टीवर नेलं होतं मला,” दाजी म्हणाले. “म्हणाले, ‘सगळं तुमचंच आहे, फक्त हात वर झाल्याशिवाय या नळाला हात लावायचा नाही.’ सासूबाईसुद्धा होत्या तिथे.”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

खालून कोणीतरी जिन्यावरून हाक मारली, धार पातळ व्हायला लागली होती. दाजी हात पुसत निघाले. आज नळावर कोणी उभं राहायचं ते ठरलं का, हे त्यांनी विचारलं नाही. काम होतं म्हणून ते गेले.

“जा त्यांच्यामागे,” आई आप्पाला म्हणाली.

“मी जाऊन काय करू आता?”

“काही करू नकोस. उभा राहा.”

भट्टीच्या शेडमध्ये उकडत होतं. बाहेर आलेल्या माणसाच्या कपड्यांना तिथला गोडसर वास दिवसभर राहतो असं म्हणतात. आप्पाला फक्त उकाडा कळत होता. सहाही कामगार आपापल्या जागी होते, तेच सहा. दाजी धारेपाशी गेले. त्यांनी तळवा पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला, आणि चार थेंब चोळून डोळे मिटले. कामगारांनी सवयीने माना वळवल्या आणि सगळे आप्पाच्या हाताकडे बघू लागले.

“माझ्याकडे बघू नका,” आप्पा म्हणाला. भट्टीच्या घरघरीत कोणालाच ऐकू गेलं नाही. मग तो ओरडला, त्या दिवशी ओरडला होता त्याहून मोठ्याने. “मला वास येत नाही! दोन वर्षं झाली! त्या दिवशी यांचंच बरोबर होतं. यांच्याकडे बघा!”

सहाही माना दाजींकडे वळल्या. आप्पा मात्र दाजींच्या डाव्या बाजूला उभा होता, आणि तो कान कधीचाच गेलेला होता. डोळे मिटलेल्या दाजींनी यातलं काहीही ऐकलं नाही. त्यांनी एकदा श्वास आत ओढला आणि नळ फिरवला.